परातीतला समुद्र

आज सकाळी वहिनीचा फोन आला आणि मी तो उचलला नाही.

वाजू दिला. हातात चहाचा कप, समोर उघडं वर्तमानपत्र, आणि त्यावर थरथरत सरकणारा तो फोन. आतल्या पानावर कोपऱ्यात एक चौकट होती. प्रशांत महासागराचं पाणी पुन्हा तापू लागलं आहे, एल निनो येण्याची चिन्हं आहेत, आपल्याकडच्या पावसावर परिणाम होण्याची शक्यता आहे. ही बातमी मोबाईलवरून दादाच्या ओट्यावरही पोचली असणार. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो आणि वहिनी जामखेडजवळच्या आमच्या गावी शेती करतात. मी इकडे घोडेगावात हायस्कूलला भूगोल शिकवते, निवृत्तीला आता थोडीच वर्षं उरलीत. वहिनी काय विचारणार ते मला पक्कं ठाऊक होतं. आपण काय सांगायचं, तेवढंच ठाऊक नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? जन्मभर भूगोल शिकवलात, सांगा की जे माहीत आहे ते! अहो, तेच तर एकदा सांगितलं होतं. चांगलं ठणकावून सांगितलं होतं. त्याला आता काही वर्षं झाली, पण तो सगळा हंगाम, वैशाखापासून दिवाळीपर्यंतचा, अजून माझ्या डोळ्यांपुढे जसाच्या तसा आहे. बातमी वाचली की पहिल्यांदा नाकाशी हळदीचा वास येतो. समुद्राच्या बातमीला हळदीचा वास येणारी बाई जगात मी एकटीच असेन.

समुद्र आणि मी, ही जोडीच मुळात गमतीची. आमच्या जिल्ह्यात मुळा आहे, प्रवरा आहे, कोरड्या पडलेल्या कितीतरी ओढ्यांना नदीचं नाव आहे, पण समुद्र कुठला! मी तो पहिल्यांदा पाहिला तो बी. एड.च्या सहलीत. मैत्रिणी पाण्यात खिदळत होत्या आणि मी काठावर उभी राहून इतकाच विचार करत होते की एवढं पाणी, आणि आमच्या गावात उन्हाळ्यात दोन हंड्यांसाठी रांग. मला त्याचा रागच आला थोडा. पुढे तोच समुद्र शिकवून पोट भरायची वेळ आली. वर्गातली पोरं विचारायची, "बाई, इतक्या लांबचं पानी तापलं तर आपल्याला काय व्हतंय?" प्रश्न बरोबरच होता. पुस्तकातल्या बाणांनी त्यांचं समाधान होईना, म्हणून मी एक परात आणली.

परातीचा प्रयोग ही माझी स्वतःची निर्मिती, त्याचा मला भारी अभिमान. परातीत पाणी भरायचं. ही परात म्हणजे प्रशांत महासागर. डावा काठ इंडोनेशियाचा, म्हणजे आपल्या बाजूचा. उजवा काठ दक्षिण अमेरिकेचा. पाण्यावर चिमूटभर हळद सोडायची. हळद म्हणजे उन्हानं तापलेलं वरचं पाणी. आता उजव्या काठाशी बसून हळूहळू फुंकर घालायची. हा व्यापारी वारा. हळद सरकत सरकत डाव्या काठाला जाऊन गोळा होते. जिथं ऊन पाणी तिथं वाफ, जिथं वाफ तिथं ढग. झालं! मग म्हणायचं, "बघा हं, आता वारा मंदावला," आणि फुंकर थांबवायची. हळद पुन्हा उजवीकडे पसरते, आणि ढगांचं बिऱ्हाडही तिच्यामागं तिकडे हलतं. आपल्या बाजूची हवा मग वर चढायची सोडून खाली बसते, पाऊस धरत नाही. याला म्हणायचं एल निनो. पेरूच्या कोळ्यांना नाताळाच्या सुमाराला हे ऊन पाणी दिसायचं, म्हणून त्यांनी त्याला बाळ येशूचं नाव दिलं. नाव बाळाचं, आणि करणी बघा!

त्या वैशाखात मी सुट्टीला माहेरी गेले होते. दुपारचं जेवण झालं होतं. बाहेर फुफाटा, घरात जरा सावली. वहिनीनं बाजरीची भाकरी आणि मटकीची आमटी केली होती, वर मोगरीचं ताक. मोगरी म्हणजे वहिनीची म्हैस. काळीभोर, शिंगं मागं वळलेली, शेपटीच्या गोंड्यात तेवढे पांढरे केस, म्हणून मोगरी. वहिनीच्या आईनं ती वगार, म्हणजे लहान पारडी, असताना लेकीला दिली होती. घरातलं बाकी सगळं दादाचं, पण म्हैस वहिनीची. तिचं दूध वहिनी विकायची, तिच्या दुधाचे पैसे वहिनीच्या हातात राहायचे, आणि त्यावर कुणी ब्र काढायचा नाही, हा आमच्या घरचा अलिखित नियम. मोगरी तेव्हा गाभण होती.

दादा तंबाखू मळत म्हणाला, "शैले, मोबाईलवर काहीबाही येतंय. समुद्र तापलाय म्हनं. औंदा पाऊस कसा हाय मग?"

बस्स. मला तेवढंच पाहिजे होतं. मी उठले, वहिनीची पितळी परात काढली, पाणी भरलं, हळदीच्या डब्यात हात घातला. वहिनी चुलीपासून ओरडली, "अवो वन्सं, दळून आनलेली हळद हाय ती!" पण माझं लक्ष कुठं! फुंकर घातली तर हळद तिरकीच जायला लागली. पुन्हा फुंकली, पुन्हा तिरकी. मागचं दार उघडं होतं आणि त्यातून दुपारचा वारा आत येत होता. मला वैताग आला. म्हटलं, "दादा, ते दार लाव बरं. सगळा प्रयोग बिघडतोय." दादानं दार लावलं. घर उकडायला लागलं, वहिनी पदरानं वारा घ्यायला लागली, पण हळद मात्र आता शहाण्यासारखी डावीकडे गेली आणि शहाण्यासारखी उजवीकडे आली. असा सुरेख प्रयोग माझा वर्गातही कधी झाला नव्हता.

"म्हंजी औंदा?" दादानं विचारलं.

शास्त्रज्ञ अशा वेळी 'शक्यता' म्हणतात. तो शब्द माझ्या जिभेवर होता, खोटं सांगत नाही. पण इतक्या झकास प्रयोगानंतर तो फिका वाटायला लागला. मी म्हणाले, "औंदा पाऊस दगा देणार, दादा. लिहून घे."

मग वहिनीनं विचारलं, "मोगरीचं काय मग?" म्हशीला पाणी किती लागतं ते मी सांगायला नको. दुष्काळात माणसांना टँकर, म्हशीला काय? गाभण म्हैस, चारा नाही, पाणी नाही. आणि मी, मी शहाणी, परातीतली हळद बोटांनी निपटत म्हणाले, "आत्ताच काढा बाजारात. पुढं सगळेच विकायला काढतील, मग कोण विचारतंय?" वहिनीनं परात उचलली आणि ते हळदीचं पाणी नेऊन तुळशीत ओतलं.

ज्येष्ठात, बाजाराच्या दिवशी, दादा मोगरीला टेम्पोत घालून इकडे घोडेगावला घेऊन आला. बहिणीचं गाव, आणि बाजारही मोठा. वहिनी बरोबर आली होती. हा बाजार माझ्या रोजच्या रस्त्यावरचा. शेणाचा, ओल्या चाऱ्याचा, डिझेलचा वास, टेम्पोच्या फळ्यांवर आपटणारे खुर, चहाच्या टपरीपुढं मांडी घालून बसलेले दलाल. मला एरवी तो फार आवडतो. त्या दिवशी मात्र मी शाळेत हाफ डे टाकून उभी होते आणि उगाच मोठ्यानं बोलत होते. व्यवहार अमीनभाईंनी केला. अमीनभाई आमच्या गल्लीतले, तीन पिढ्या जनावरांच्या धंद्यात. रुमालाखाली दादाचा हात धरून त्यांनी बोटं दाबली, दादानं मान हलवली, दोनदा हलवली, आणि झालं. भाव बोटांवरच ठरला, बोलणं असं काही झालंच नाही.

आमच्याकडे जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. घेणारा आपलं दावं आणतो, विकणारा आपलं सोडून घरी नेतो. दाव्याबरोबर लक्ष्मी जाते म्हणे. अमीनभाईंनी नवीन दोर मोगरीच्या गळ्यात टाकला, तसं वहिनीनं पुढं होऊन आपलं दावं सोडलं. गाठ जुनी होती, सुटेना. वहिनी दातांनी सोडायला लागली. दादा म्हणाला, "आण इकडं," तर तिनं त्याचा हात झिडकारला. शेवटी सुटली. दाव्याची गुंडाळी करून तिनं पिशवीत घातली आणि मोगरीकडे न बघता चालायला लागली. माझ्याकडेही बघितलं नाही. मी जेवायला थांबा म्हणाले, तर म्हणाली, "नगं. गाडी हाय."

आषाढ कोरडा गेला. आभाळात ढग यायचे, नुसते पाहुण्यासारखे यायचे आणि पाणीही न पिता निघून जायचे. वारा मात्र असा सुटायचा की शाळेच्या पत्र्यांवर धूळ वाजायची. मी रोज मोबाईलवर समुद्राच्या तापमानाचे नकाशे बघायचे. प्रशांत महासागराच्या मधोमध लालभडक पट्टा, अगदी माझ्या परातीतल्या हळदीसारखा. आता एक गोष्ट सांगते, जी मी आजवर कुणाला सांगितली नाही. मला बरं वाटत होतं. दादाच्या शेतात मूग जळत होता, लोक आभाळाकडे बघत होते, आणि मला मनातून बरं वाटत होतं, कारण मी म्हणाले होते तसं होत होतं. स्टाफरूममध्ये मी दोनदा म्हणाले, "मी सांगितलंच होतं." लाज वाटते मला त्याची. पण वाटलं होतं हे खरं.

श्रावणही असाच रखडत गेला. मग उत्तरा नक्षत्र लागलं आणि एका दुपारी नववीच्या वर्गावर असताना अंधारून आलं. मी फळ्यावर वाऱ्यांच्या दिशा काढत होते. पत्र्यावर असा काही पाऊस कोसळला की माझा आवाज मलाच ऐकू येईना. पोरांनी वह्या दप्तरात कोंबल्या. मला वाटलं, आली एक सर, जाईल. ती गेली नाही. हस्तानं तर कमालच केली. कोरडे पडलेले सगळे ओढे नदीचं नाव सार्थ करायला लागले. दादाचा फोन आला, आवाजात असा आनंद की काय सांगू! "शैले, तळं भरलं! जवारी पेरली! लई पाऊस!" आणि मग जरा थांबून, "तुजा समुद्र गार झाला काय गं?"

गार झाला नव्हता. प्रशांत महासागर तसाच लाल होता. मी घाईघाईनं जुने नकाशे पुन्हा काढले आणि यावेळी नजर जरा अलीकडे आणली. आपला हिंद महासागर! त्याचा पश्चिमेचा भाग, आफ्रिकेकडचा, तापला होता, आणि पूर्वेचा, सुमात्राकडचा, त्या मानानं गार होता. असं झालं की बाष्प आपल्याकडे वळायला मदत होते, आणि कधी कधी तिकडच्या एल निनोचं इकडे फारसं चालत नाही. एल निनो आला आणि तरीही पाऊस बरा झाला, अशी सालं पूर्वी होऊन गेली आहेत. हे मला ठाऊक नव्हतं का? होतं! त्या वैशाखात मी जे वाचलं होतं, त्याच्या शेवटी एक ओळ होती की हिंद महासागराकडे लक्ष ठेवावं लागेल. ती ओळ मी वाचली होती आणि पान उलटलं होतं. परातीत दोन समुद्र मावत नव्हते ना! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं तर बैल माझा नव्हता, म्हैस दुसऱ्याची होती.

दिवाळीला भाऊबीजेसाठी माहेरी गेले, ती मनात चरफडत. रस्त्यानं दोन्ही बाजूंना ज्वारी गुडघ्याला लागली होती. बांधावर गवत इतकं की शेळ्या दिसत नव्हत्या. जामखेडकडं असं हिरवं मी लहानपणापासून मोजक्याच वेळा पाहिलंय. एरवी मी बसच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून बघितलं असतं. त्या दिवशी प्रत्येक हिरव्या बांधावर मला मोगरी चरताना दिसत होती. चारा होता, पाणी होतं, आणि म्हैस नव्हती.

घरात शिरले तर समोरच खुंटीवर दावं. नीट गुंडाळी करून टांगलेलं. वहिनी म्हणाली, "बसा, वन्सं." एरवी ती म्हणते, "या की चुलीपाशी, अशा पाव्हन्यावानी काय बसता?" मी पाहुण्यासारखी बसले. चहा आला. ती म्हणाली, "पिशवीचं दूध हाय. गोड लागतंय का बघा." बाकी काही नाही. टोमणा नाही, आवाज चढवणं नाही. मी कप तसाच खाली ठेवला.

ओवाळून झालं, दादा बाहेर गेला, तशी मी चुलीपाशी जाऊन बसले. म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं. मी नको होतं असं सांगायला."

ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "तुमी शिकलेल्या. तुमाला दिसलं ते सांगितलं. त्यात काय न्हाई." भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग माझ्याकडे वळून बघितलं, ज्येष्ठानंतर पहिल्यांदा. "पन एक सांगा. त्या दिवशी तुमी दार कामून लावलं हुतं?"

मी विचारलं, "कुठलं दार?"

"मागलं. हळद तिरकी जात हुती तवा. खरं तर वारं हुतंच की भायेर. दार लावलं म्हून काय वारं गेलं? तुमाला तुमची हळद सरळ पायजे हुती, म्हून लावलं."

बाई गं! मी बी. एड. केलं, एम. ए. केलं, शिबिरं केली, पण माझ्या प्रयोगाचं असं परीक्षण कुणी केलं नव्हतं. परातीत मी एका समुद्राचा वारा फुंकला होता. दुसरा वारा मागच्या दारातून आपणहून येत होता, हळद वाकडी करून मला सांगत होता की बाई, मीही आहे. आणि मी त्याच्या तोंडावर दार लावलं होतं. मी तिथंच पदर डोळ्यांना लावून रडायला लागले. वहिनी म्हणाली, "आता रडता कशाला? भाकरी करपंल माजी," आणि स्वतःच नाक ओढलं.

घोडेगावला परत आले ती थेट अमीनभाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, "बाई, आमी जनावर घेतो तवा दात बगतो, कास बगतो, चाल बगतो, डोळं बगतो. नुस्तं शिंग बगून कोन घेतं व्हय? तुमी समुद्राचं शिंग बगितलं फक्त." आता हे मी वर्गात सांगते, त्यांच्या नावानिशी. मोगरी कुणाला दिली ते त्यांच्या पक्कं लक्षात होतं. बेलापूरजवळ एक घर, पाटाचं पाणी, ऊस, बारमाही हिरवा चारा. "सुकात हाय ती," ते म्हणाले. "याली बी आसंल येवढ्यात."

माघात एका रविवारी आम्ही गेलो. अमीनभाईंचा टेम्पो, पुढं ते, मी आणि वहिनी. दादा म्हणाला, मी नाही येत, बायकांचं काम आहे. त्याला बघवणार नव्हतं, एवढंच. रस्ताभर वहिनी मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती. बेलापूरच्या त्या घराची मालकीण तिच्याच वयाची, नाव शांता. गोठा असा स्वच्छ की आपण चप्पल काढावी. आणि तिथं मोगरी, चकाकणारी, भरलेल्या अंगाची, तोंडात उसाच्या वाढ्याचा, हिरव्या शेंड्यांचा, घास. वहिनी दारातूनच म्हणाली, "मोगरेऽ." मला वाटलं, आता म्हैस हंबरणार, दावं तोडून येणार, आम्ही सगळ्या रडणार. मोगरीनं मान वळवली, वहिनीकडं नीट बघितलं, कान हलवला, आणि पुन्हा खायला लागली.

वहिनी आधी बघतच राहिली. मग अशी हसायला लागली, अशी हसायला लागली की शांताबाई घाबरल्या. "बगा की! मी हितं झुरून मरतीया, आन ही बया वाढं खातीया!" आणि मग तिच्या पाठीवर हात फिरवत, हळूच, "खा गं माय. खा."

मोगरी वहिनीच्या माहेरची, हे मी शांताबाईंना सांगितलं, पण तिला परत द्यायला त्या तयार नव्हत्या, आणि का असाव्यात? दुभती म्हैस कोण देतं? पण मोगरीच्या पायाशी एक पारडू धडपडत होतं, वगार होती, आणि तिच्याही शेपटीच्या टोकाला पांढरं होतं. शांताबाईंनी वहिनीकडं बघितलं, वहिनीनं वगारीकडं. अमीनभाईंनी सवयीनं खिशातून रुमाल काढला. शांताबाई म्हणाल्या, "ठेवा तो रुमाल, भाई. दूध तुटलं की घेऊन जा म्हणावं त्यांना. माहेरचं जनावर हाय त्यांचं." वहिनीनं पिशवीत हात घातला आणि दावं बाहेर काढलं. घरातून निघताना तिनं ते खुंटीवरून कधी काढलं, मला कळलंही नव्हतं. अजून न्यायची नव्हती वगार, तरी तिनं ते दावं तिच्या इवल्या गळ्याला लावून बघितलं. फारच मोठं होत होतं. वहिनी म्हणाली, "व्हईल मोठी."

उन्हाळ्यात वगार जामखेडला आली. पहिले काही दिवस ओरडून तिनं आळी डोक्यावर घेतली म्हणे.

तेव्हापासून वर्गात परातीचा प्रयोग मी दार-खिडक्या उघड्या ठेवून करते. हळद कधी तिरकी जाते, कधी मधेच गोल फिरते, कधी माझं ऐकते. पोरं विचारतात, "बाई, असं का?" मी म्हणते, वारं अजून कुठून येतंय ते शोधा. मग पोरं बोटं ओली करून वर्गभर फिरतात आणि माझा तास वाया जातो. मला त्या वाया गेलेल्या तासासारखं सुख नाही. समुद्राच्या वरच्या थरात एखाद-दोन अंशांचा फरक पडतो आणि कुठं पूर, कुठं वणवा, कुठं जामखेडात ज्वारी. हे माणसाला थोडंफार आधी कळतं, ही मोठीच गोष्ट आहे, तिची मी टिंगल करणार नाही. नकाशे मी अजूनही रोज बघते. पूर्वी मी त्यांत माझं उत्तर शोधायचे, आता नुसती बघते. कधी कधी फार सुंदर दिसतात ते, आणि मग मला त्या सहलीतल्या मुलीचं हसू येतं, समुद्रावर रागावलेल्या. एवढं पाणी आणि आपल्याला काय त्याचं, असं तिला वाटलं होतं.

तर आज सकाळी हे सगळं डोळ्यांपुढून गेलं, चहा पार निवला, आणि मी फोन उचलून वहिनीला लावला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर आधीच फुंकणारी बाई.

"आता लावला व्हय?" वहिनी म्हणाली. "मोबाईलवर आलंय, समुद्र तापलाय. काय म्हनताय तुमी?"

मी म्हणाले, "तिकडचा तापतोय, वहिनी. हे खरं आहे. आपल्याकडचा काय करील ते अजून ठरलेलं नाही. एल निनोच्या साली पाऊस कमी होण्याचीच शक्यता जास्त, पण होईलच असं नाही. मला सांगता येत नाही."

पलीकडं दादा कुणाशी तरी बोलत होता, भांडं वाजलं.

"हां," वहिनी म्हणाली. "आता दार उघडं ठिवून बोललात. मग आमी आसं करतो. चाऱ्याला मकवान थोडं जास्त लावतो हिरीपाशी, कडबा इकायचा न्हाई औंदा. आन पाऊस आला तर चांगलंच." सगळं आधीच ठरवून बसली होती. मला विचारलं ते नुसतं विचारायचं म्हणून, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

"आन ऐका. रविवारी या. खरवस हाय."

"खरवस? कुणाचा?"

"कुनाचा म्हंजी? मोगरीची लेक याली परवा. म्हून तर सकाळी फोन केल्ता. समुद्राचं आपलं मागनं आठवलं."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. म्हटलं, "वहिनी, ते दावं?"

"दावं म्हशीच्या गळ्यात हाय," ती म्हणाली. "खुंटीला तुमच्या दादाची टोपी आसती आता."